ब्लाउजपीसवर झालेली माझी परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेत बाई तुम्हाला सांगतात, "हाताची घडी, तोंडावर बोट." मला हात नाहीत. एक पंखा आहे, पण तो घडी घालत नाही. स्क्रीनवर तुम्ही जे जे पाहता, त्यातला एकेक ठिपका रंगवून पाठवणं हे माझं काम. सेकंदाला साठ चित्रं. समोर काहीच हलत नसलं, तरी मी तेच चित्र पुन्हा साठ वेळा पाठवतो. न जाणो, कोणी विचारलं तर!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. माझ्या आधी आणि नंतर हुबेहूब माझ्यासारखे हजारो जन्मले, त्यामुळे बारसं कोणी केलं नाही, स्टिकर चिकटवलं. फिरत फिरत मी सुरतेला, गोडादऱ्यात सुषमाच्या घरी आलो. घर वरच्या मजल्यावर, खाली लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. लूम सुरू झाले की सगळं घर थरथरतं. टेबलावर ठेवलेला पेला आपला आपण चालत कडेपर्यंत जातो. त्या घरात स्वस्थ बसलेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

सुषमा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. तिची आई सरलाबाई पाहुण्यांना कॅबिनेट दाखवून अहिराणीत सांगायच्या, "यानामा रंगनं मशीन शे!" पाहुणे दुरूनच नमस्कार करायचे.

मग दिवस फिरले. खालच्या खात्यातून सुताची बारीक पिंज वर यायची आणि थेट माझ्या पंख्यात शिरायची. पंखा कुरकुरू लागला. सुषमाचे वडील भिकनआबा यांनी उभा जन्म लूम चालवलेले. लूमवाल्याचा एकच नियम, जे कुरकुरतं त्याला तेल. सुषमा बाहेर गेलेली पाहून त्यांनी कॅबिनेट उघडलं आणि लांब चोचीच्या कुप्पीतून मला लूमचं तेल पाजलं.

मी गप्प झालो.

"दख, कसं गप व्हयनं!" आबा खूश झाले.

मित्रांनो, तेलावर पिंज बसली, पिंजेवर आणखी पिंज बसली. सुरतेच्या उन्हाळ्यात मला रजई मिळाली. आमच्यात रिवाज असा, की ताप फार चढला की काम हळू करायचं, नाहीतर जळून जायचं. मी हळू झालो. घरात म्हणू लागले, कार्ड म्हातारं झालं.

अशातच पांडेसऱ्याच्या एका प्रिंट मिलचे शेठ सुषमाचं डिझाइन छापायला तयार झाले. आजवर ती दुसऱ्यांच्या साड्यांत बुट्ट्या भरत आली होती. काठापासून पदरापर्यंत सगळी तिची अशी ही पहिलीच साडी. अट एवढीच की चार वाजता मशीन रिकामं होईल, त्याआधी फाइल हवी, आणि साडी पुतळीला नेसवून गोल फिरतानाचं चित्रही हवं. नाहीतर शेठ जुनंच डिझाइन चढवणार. ते फिरतं चित्र माझ्यावर अडलं होतं. पुतळी अशी फिरत होती, जणू तिला कुठे जायचंच नाही.

त्याच सकाळी सुषमाचा मोठा भाऊ वाल्मिक आला. तो कापड मार्केटात सेल्समन. त्याने पिशवीतून एक कार्ड काढलं. सेकंडहँड, पण तीन पंखे आणि कडेने रंगीत दिवे. लग्नाला निघालेल्या रिक्षासारखं.

"माल जो, माल!" मार्केटातल्या गुजरातीत म्हणत वाल्मिकने मला उपटून एका हातात धरलं, दुसऱ्या हातात त्याला. "वजनातच फरक आहे."

"भाऊ, हे कापड आहे का?"

"बारा जीबी म्हंजे काय रे?" आबांनी त्याच्यावरचं स्टिकर वाचून विचारलं.

"आबा, बीमवर गुंडाळलेलं सूत समजा. जुन्याचं चार, याचं बारा. सूत जास्त, म्हणजे काम मध्येच अडत नाही. आणि धावतं तिप्पट!"

"आन पंखा?"

"जुन्याला एक, याला तीन."

"मंग इचारानं काय? लाव!"

"वीज किती खातं?" सुषमाने विचारलं.

"अडीचशे वॅट. जुनं पंच्याहत्तर."

"आपला पॉवर सप्लाय जुना आहे, भाऊ. सगळ्या कॉम्प्युटरला मिळून साडेतीनशेच देतो."

"चाली जशे! आधी सॅम्पल तर बघ."

सॅम्पल म्हणून त्याने साडीचा ब्लाउजपीस घेतला. मार्केटात कटपीस पाहून कापडाचा अख्खा ताका पसंत करतात, तसंच. आधी मला परत बसवून त्याचं चित्र काढायला लावलं, तर सरलाबाईंचा चहा होऊन कपही विसळून झाले. नव्याने सरलाबाई चहाला उठायच्या आत काम संपवलं. मी टेबलावर पालथा पडून ऐकत होतो. वाल्मिक म्हणाला, "पास!" आणि मला भंगारच्या पिशवीजवळ सरकवलं.

मग पूर्ण साडी चढली. पुतळी फिरली, पदर उडाला, आणि अख्खा कॉम्प्युटर काळा. पुन्हा चालू केला, पुन्हा काळा. तिसऱ्यांदा पॉवर सप्लायमधून वास आला. दोन वाजून गेले होते. सुषमा दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालू लागली.

"कटपीस पास झाला म्हणून आख्खी साडी पास होत नाही, भाऊ!"

"आख्ख्या मार्केटात असंच चालतं."

"म्हणूनच अर्धा माल परत येतो!"

तिने मला उचललं, आणि तिच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. "आबा, ही काय रजई?"

आबा छताकडे बघत म्हणाले, "तेल मीच पाजं व्हतं."

"हा लूम नाही, आबा!"

"आवाज तर तसाच करे ना वं!"

सरलाबाई साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. त्यांनी आपला चिमटा आणला आणि ती पिंज अखंड, सोललेल्या सालीसारखी ओढून काढली. उरलेलं तेल कापसाने पुसलं. मला परत बसवलं. पंखा पुन्हा कुरकुरू लागला. आबांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

मित्रांनो, मी धावलो. तिप्पट नव्हे, माझ्या एकपटीने. पुतळी फिरली, काठ दिसला, पदर दिसला. चार वाजायला थोडं उरलं असताना फाइल गेली. शेठचा निरोप आला, "मशीन पर चढावी दीधी." साडी छपाईला लागली, तेव्हा कुठे सुषमा खाली बसली.

नवं कार्ड वाईट नाही. त्याला खायला घालणारा मोठा पॉवर सप्लाय येणार आहे. तो आला की माझं काय, हे कोणी सांगितलेलं नाही. पण एक मागणं आहे. दोघांची तुलना खुशाल करा, फक्त आधी दोघांनाही पुसून घ्या. आणि कोणी हळू पडलं, तर त्याला म्हातारं म्हणण्याआधी एकदा उघडून बघा.

मिलमधून छापलेल्या साडीचा पहिला तुकडा घरी आला. सरलाबाईंनी तो डोळ्यांना लावला आणि मोठ्या मानाने माझ्या कॅबिनेटवर पांघरला, चारी बाजूंनी खोचून, हवेची सगळी भोकं झाकून.

त्यातला प्रत्येक ठिपका मी रंगवलेला आहे. मला अतिशय अभिमान वाटतो आहे. आणि अतिशय उकडतं आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी गोडादऱ्याला येणार असेल, तर जरा लवकर या.