डावा की उजवा

"ब्रेक दाब," ओडेसा गाडीच्या मागून ओरडली.

दोन्ही लाल दिवे लागले.

"आता डावा इंडिकेटर. आता उजवा. रिव्हर्स टाक. ए, पाय ब्रेकवरच ठेव, उडवशील मला."

"विचार चाललाय," आत बसलेला कीनन म्हणाला.

ओडेसा प्रुइट बावीस वर्षं केल्टनमध्ये शाळेची बस चालवत होती. रोज सकाळी मुलांना घ्यायला निघण्याआधी बसभोवती फेरी मारायची, एकेक दिवा डोळ्यांनी बघायचा, मगच किल्ली फिरवायची. रविवारी चर्चहून आलं की तीच फेरी भाच्याच्या गाडीभोवती व्हायची. कीनन सव्वीस वर्षांचा होता, मावशीसारखाच कृष्णवर्णीय. गावोगावच्या चर्चमधले पियानो सुरात लावून द्यायचं काम करायचा, म्हणजे आठवड्यातले चार दिवस तो हायवेवर असायचा.

तो इंजिन बंद करून खाली उतरला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"शुक्रवारी परत थांबवलं मला," तो म्हणाला. "बायपासला."

"का?"

"मागचा डावा दिवा बंद होता म्हणे."

ओडेसाने दिव्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पेचकस घेऊन आली, झाकण उघडलं, बल्ब काढून उन्हात धरला. तार शाबूत होती. तरी तिने नवा बल्ब बसवला.

"सैल झाला असेल. खड्ड्यांतून नेतोस गाडी."

"मावशी, तो चालू होता. मी त्याला म्हटलं, साहेब, मागे येऊन बघा. तर मलाच म्हणतो, डिकीत काय आहे? माझी सगळी अवजारं रस्त्यावर मांडली. पाऊण तास. कुत्रा आणला. पियानोच्या तारांत घालायच्या फेल्टच्या, जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या असतात ना, त्या फाडून बघितल्या, आत काही लपवलंय का म्हणून."

"तू उलटून बोलला नाहीस ना?"

"नाही."

"हात स्टिअरिंगवर होते?"

"हात स्टिअरिंगवर होते, मावशी." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "चौदावी वेळ आहे. बुधवारी सभेत सांगणार आहे मी. नाव दिलंय."

ओडेसाने झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळला. बुधवारी तिनेही नाव दिलं होतं.

केल्टनच्या नगरपरिषदेपुढे एक नवा नियम मंजुरीला आला होता. दिवा बंद आहे, नंबरप्लेट मळली आहे, आरशाला काही लटकतंय, एवढ्याच कारणासाठी पोलिसांनी गाडी थांबवायची नाही. घरी पत्र पाठवायचं. पोलीसप्रमुख हॉलिस आठवड्यापूर्वी स्वतः ओडेसाच्या घरी येऊन गेले होते. टोपी काढून, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्यांनी तिच्या हातची कॉफी प्यायली आणि म्हणाले होते, "मिस ओडेसा, हा नियम का नको, ते तुमच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही."

सतरा वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण, कीननची आई लव्हॉन, पेट्रोलपंपावरच्या दुकानात काउंटरला होती. भर दुपारी एक माणूस आत आला, गल्ला रिकामा केला आणि जाताना तिला गोळी घालून गेला. कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांकडे ना नाव होतं, ना गाडीचा नंबर. तिसऱ्या दिवशी वेंडेल स्ट्राउड नावाच्या हवालदाराने बायपासला मागचा दिवा बंद म्हणून एक गाडी थांबवली, आणि डिकीत पिस्तूल निघालं. पिस्तुलाशेजारीच लव्हॉनची पर्स होती. पर्समध्ये नऊ वर्षांच्या कीननचा शाळेतला फोटो होता.

तो माणूस अजून तुरुंगात होता. दर वर्षी त्या तारखेला ओडेसा केक भाजून स्ट्राउडच्या घरी नेऊन द्यायची. कीनन कधी तिच्याबरोबर गेला नाही, आणि तिनेही कधी 'चल' म्हटलं नाही.

सोमवारी दुपारी बस आगारात लावून ती स्ट्राउडकडे गेली. त्याला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत तो गुडघ्यांवर बसला होता.

"केकचा दिवस नाही आज," तो म्हणाला.

"नाही. काम आहे तुमच्याकडे."

त्याने तिला व्हरांड्यात बसवलं, बर्फाचा चहा आणून दिला. ओडेसाने पर्समधून कागद आणि पेन काढलं. सभेत तीन मिनिटं मिळणार होती. ती काय बोलणार ते तिने बसच्या नोंदवहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून आणलं होतं.

"एक गोष्ट राहिलीय. कुठला दिवा होता? डावा की उजवा? मला चुकीचं सांगायचं नाहीये."

स्ट्राउडने हातावरची माती झटकली. मग पँटला पुसली. मग परत हात बघितले.

"लिहू नका ते," तो म्हणाला.

"का?"

"नुसतं दिवा म्हणा. नाहीतर म्हणूच नका."

"मिस्टर स्ट्राउड, चीफ हॉलिसना तेच तर हवंय. दिव्यासाठी थांबवलं नसतं तर तो माणूस निघून गेला असता, हे सांगायचंय मला."

शेजारच्या आवारात कुणीतरी गवत कापण्याचं यंत्र चालू केलं. ते लांब जाईपर्यंत स्ट्राउड थांबला.

"दिवे ठीक होते," तो म्हणाला. "दोन्ही."

ओडेसाने पेन खाली ठेवलं नाही.

"शेजारच्या राज्याचा नंबर होता. जुनी गाडी, चालवणारा काळा, एकटा. त्या आठवड्यात तसे तीसेक थांबवले असतील मी. कागदावर काहीतरी लिहावं लागतं. दिवा लिहिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं तो कोण आहे ते."

"काहीच माहीत नव्हतं."

"बाकीच्यांचं काय झालं?"

"कुठल्या बाकीच्यांचं?"

"तीस म्हणालात."

"गेले घरी." त्याने थोडा विचार केला. "कुणी वीस मिनिटांनी, कुणी दोन तासांनी."

चहातला बर्फ विरघळत होता. ओडेसाने पेला उचलला आणि न पिता पुन्हा ठेवला.

"कोर्टात तुम्ही शपथ घेतली होती. मी पुढच्याच बाकावर होते."

"हो. मी तुमच्याकडेच बघत होतो."

"आता मी हे सांगितलं, तर तो सुटेल?"

"कबुलीजबाब आहे त्याचा. पण तो सगळा त्या दिव्यापासून सुरू होतो. गाडी थांबवणंच खोटं ठरलं तर पिस्तूल, पर्स, कबुली, सगळंच बाद होऊ शकतं. चांगला वकील मिळाला तर काय होईल, सांगता येत नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत." त्याचा आवाज चढला नव्हता. "सतरा वर्षांत कुणी विचारलं नाही, डावा की उजवा. माझ्या तोंडून 'डावा' निघणारच होतं, मिस ओडेसा. आणि तुम्ही ते लोकांसमोर उभं राहून सांगितलं असतंत."

ती उठली. पायऱ्या उतरून फाटकापाशी गेल्यावर वळली.

"परत तसंच केलं असतंत?"

"तुमच्या बहिणीसाठी? हो."

"ती तुमच्या मनातही नव्हती तेव्हा," ओडेसा म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

संध्याकाळी कीनन घरी आला तेव्हा टेबलावर जेवण नव्हतं. टेबल पुसून रिकामं केलेलं होतं आणि ओडेसा चष्मा लावून बसली होती.

"ते कागद आण," ती म्हणाली.

"कुठले?"

"पोलिसांनी दिलेले. ठेवलेत ना?"

त्याने ठेवले होते. जाडजूड खाकी पाकिटात, तारखांप्रमाणे लावून. चौदाच्या चौदा नुसत्या ताकिदी होत्या. एकदाही दंड नाही, गाडीतून एकदाही काही निघालं नाही. ओडेसाने ते टेबलभर पसरले. रस्त्यावरच्या रेषेला चाक लागलं, चार वेळा. इंडिकेटर उशिरा दिला, तीन वेळा. आरशाला सुगंधी पुठ्ठा लटकत होता, एकदा. नंबरप्लेटच्या चौकटीने राज्याचं नाव झाकलं, एकदा. मागचा दिवा बंद, पाच वेळा.

दिव्याचे पाच तिने बाजूला काढले आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

"हा मंगळवार. हा सोमवार. हाही सोमवार." तिचं बोट तारखांवरून फिरत होतं. "रविवारी मी बघितला होता. दर रविवारी मीच बघते."

"मी तेच सांगत होतो, मावशी. चार वर्षं."

"हो. सांगत होतास."

"आणि तू बल्ब बदलत होतीस."

ओडेसाने चष्मा काढला. तिला पाचही वेळा आठवत होत्या. प्रत्येक वेळी तिने चांगला बल्ब काढून कचऱ्यात टाकला होता, आणि प्रत्येक वेळी तिला बरं वाटलं होतं, की चला, दुरुस्त झालं.

"आज असं काय झालं?" कीननने विचारलं.

"आज कागद वाचले."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग तो कागद गोळा करायला लागला.

"तू बुधवारी त्यांच्या बाजूने बोलणार आहेस. मला माहितीय. चीफची गाडी दारात उभी होती तेव्हा सगळ्या गल्लीने बघितली. बोल तू. आईसाठी बोलतेयस. मला राग नाहीये."

"आहे."

"हो," तो म्हणाला. "आहे."

मग त्याने फ्रीज उघडून अंडी काढली, आणि दोघांनी उभ्याउभ्याच जेवून घेतलं.

बुधवारी सहाला सभागृह भरलं होतं. भिंतींना टेकून माणसं उभी होती. पोलीसप्रमुख हॉलिसनी ओडेसासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखली होती. ती तिथे बसली नाही; चौथ्या रांगेत कीननशेजारी बसली. तो थोडा सरकला. मागे दाराजवळ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्ट्राउड उभा होता. त्यांची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान फिरवली.

कीननचं नाव आधी आलं. तो कागद घेऊन गेला, पण वाचला नाही. फेल्टच्या फाटलेल्या पट्ट्या त्याने बरोबर नेल्या होत्या. त्या दाखवून त्या कशासाठी असतात ते सांगत राहिला, आणि त्यातच त्याची तीन मिनिटं संपली. दोन-तीन लोक हसले. तो मान खाली घालून परत आला.

"वाया घालवली," तो पुटपुटला.

"नाही घालवलीस," ओडेसा म्हणाली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

तिने नोंदवहीचं पान पर्समध्येच ठेवलं. माइक तिच्या उंचीला जास्त होता. एका कारकुनाने येऊन खाली केला.

"माझी बहीण लव्हॉन," ती म्हणाली. "एकतीस वर्षांची होती. जोरजोरात गायची, बेसूर. तिला मारणारा माणूस तिसऱ्या दिवशी सापडला. बायपासला गाडी थांबवली म्हणून सापडला. तो आत आहे म्हणून मी सकाळी उठून दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत सोडू शकते. हे मी कुणाला खोटं पाडू देणार नाही."

हॉलिसनी मान डोलावली. टेबलामागच्या एका नगरसेवकाने चष्म्यावरून पाहत विचारलं, "मिस प्रुइट, नोंदीसाठी विचारतो. त्या दिवशी ती गाडी नेमकी कशासाठी थांबवली होती?"

ओडेसाने दोन्ही हातांनी माइकचा स्टँड धरला.

"कागदावर मागचा दिवा लिहिलाय," ती म्हणाली.

"आभारी आहे. म्हणजे या नवीन नियमाखाली..."

"माझं संपलं नाही, सर. माझ्या भाच्याला चौदा वेळा थांबवलं. आत्ताच बोलला तो, पट्ट्या घेऊन. त्याच्याही पाच कागदांवर मागचा दिवा लिहिलाय. तो दिवा दर रविवारी मी स्वतः बघते. बावीस वर्षं मी हेच काम करतेय, माझ्या बसचा एकही दिवा रस्त्यात बंद पडलेला नाही. त्याचा दिवा चालू होता. पाचही वेळा."

नगरसेवकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग तुम्ही नियमाच्या बाजूच्या की विरुद्ध?" नगरसेवकाने विचारलं.

"मला माहीत नाही. मला विचारलं ते मी सांगितलं."

ती परत येऊन बसली. कीनन समोर बघत होता. त्याचा हात त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला, तिला स्पर्श होणार नाही असा.

यादी संपली. अध्यक्षांनी कागद जुळवले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय? नाव दिलं नसलं तरी चालेल."

मागून बुटांचा आवाज आला. मधल्या वाटेने स्ट्राउड पुढे येत होता. ओळखीच्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोलीसप्रमुख हॉलिस खुर्चीत सैलावले आणि बाजूच्या माणसाला काहीतरी अभिमानाने सांगू लागले. चौथ्या रांगेपाशी स्ट्राउडची पावलं किंचित मंदावली. त्याने ओडेसाकडे पाहिलं नाही. कीननकडे पाहिलं, आणि पुढे गेला.

"हाच ना तो?" कीननने विचारलं. "आईच्या वेळचा?"

"हो."

"हा काय बोलणार आता?"

स्ट्राउडने माइक वर केला. आपलं नाव सांगितलं, बिल्ल्याचा नंबर सांगितला, नोकरीची वर्षं सांगितली. मग त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

ओडेसाने कीननचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तो नऊ वर्षांचा असताना घ्यायची तसा, आणि त्याच्या कानाशी झुकली.

"बाळा," ती म्हणाली, "हा आता जे सांगेल ना, ते मला परवापासून माहीत आहे."