पावतीबाईंनी उघडलेला पाळणा

वर्तमानपत्रात ‘घेण्याआधी विचारा’ हे सदर लिहिणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस पावतीबाई म्हणायचं. पावती जपा, खोकं फेकू नका, आठवडाभर लेबल काढू नका, हे त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की वाचकांनाही ते तोंडपाठ झालं होतं. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचंच आणि तेही खरं द्यायचं, हा त्यांचा हट्ट. तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

जांभळ्या शाईच्या पोस्टकार्डांनी मात्र त्यांची झोप उडवली होती. पत्ता नाही, सही नाही. पहिल्यात विचारलं होतं, गीझरची नळी फुगलीय, चालेल का? बाईंनी ‘आजच बदला’ असं छापलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्याच बाथरूममधली नळी फुगली. दुसरं होतं फ्रिजमागून येणाऱ्या जळकट वासाबद्दल. उत्तर छापून आलं आणि तो वास बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन ठेपला. योगायोग असेल, अशी बाईंनी मनाची समजूत घातली.

मग तिसरं आलं. ‘नातवंडासाठी पाळणा घेतला होता. खोकं उघडलेलं नाही. आता गरज उरली नाही. दुकानदार परत घेईल का?’

बाईंच्याच घरी सुनेच्या खोलीत पाळण्याचं खोकं भिंतीला टेकून उभं होतं आणि सुनेला नववा महिना चालू होता.

बाई भर दुपारी घरी आल्या. सुरीने खोकं फाडलं, पावतीचे तुकडे केले आणि घामाघूम होत पाळणा स्वतः जोडला.

“अहो आई, लेबलसुद्धा काढलंत? तुम्ही?” सून दारातून हसत म्हणाली.

“परत करायचाच नाहीये. कशाला हवं लेबल?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं, ‘वापरलेला पाळणा कुणी परत घेत नाही. आमच्या पाळण्यात तर बाळ शांत झोपलंय.’ सदरात त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलल्या आणि त्याचं त्यांना तिळमात्र वाईट वाटलं नाही.

उत्तर छापून आलं आणि तिसऱ्याच दिवशी नात झाली. गुटगुटीत, घर डोक्यावर घेणारी. बाई ऑफिसात चक्क गुणगुणू लागल्या. कुणाला तरी आपण हरवलं, असं त्यांना वाटत होतं.

मायलेकी घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर कार्ड होतं.

‘पाळण्यात ठेवलं तेव्हापासून बाळ शांत झोपलंय. उठवलं तरी उठत नाही. पाळण्यात दोष असेल का?’

बाईंनी घरी फोन लावला.

“बाळ काय करतंय गं?”

“झोपलीय. सकाळी तुम्ही पाळण्यात ठेवलीत ना, ती अजून हललीसुद्धा नाही. कित्ती गुणाची आहे.”

“उचल तिला.”

“अहो आई, झोपू दे की जरा.”

“उचल आधी!”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग सुनेची लाडिक हाक ऐकू आली, “बाळा, ए बाळा.” मग तीच हाक पुन्हा, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने.