अंगठ्यांची भिंत

धाकटीला बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढायचं वेड होतं. लोक लग्नाचे फोटो काढून बंगले बांधतात, आमची गंजाचे काढून कपडे मळवून आणते, असं तिची आई म्हणायची. धाकटीचा नियम पक्का होता. गंज, शेवाळ, उडालेला रंग यांना रंगीत फिल्म. यंत्रं, जिने, धुराडी यांना काळी-पांढरी. त्यासाठी गळ्यात दोन सारखेच कॅमेरे. कुठल्यात काय भरलंय ते कळावं म्हणून फिल्मच्या खोक्याचा तुकडा फाडून ती कॅमेऱ्याच्या पाठीवर खोचायची.

सूतगिरणी पाडणार असं कळलं, तेव्हा आईने पहिल्यांदाच फर्माईश केली. ती आणि बाबा त्या गिरणीच्या रंगखात्यात आयुष्यभर सूत रंगवत होते. रंग मनासारखा उतरला की ओला अंगठा दाराजवळच्या चुन्याच्या भिंतीवर उमटवायचा, अशी तिथली रीत. पुढे बाबा गेले, आईचे गुडघे गेले, भिंत तेवढी उरली होती.

"आमचे रंग तेवढे आण गं बघायला," आई म्हणाली. "मग खुशाल पाडू देत."

धाकटी गेली. डाळिंबी, मोरपंखी, हळदी अशी भिंत तिने अगदी जवळून, मन लावून टिपली. घरी येऊन रोल बाहेर काढले आणि डोक्याला हात लावला. जिन्यातल्या अंधारात दोन्ही रोल बदलताना नवे उलटसुलट भरले गेले होते. पाठीवरचे तुकडे मात्र जिथल्या तिथे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा. धुराडी रंगीत, भिंत काळी-पांढरी. सकाळी धावत पुन्हा गेली, तर भिंतीच्या जागी विटांचा ढीग.

फोटो आईच्या हातात देताना तिला रडूच यायला लागलं. "चुकलं माझं. रंग आलेच नाहीत."

"जरा गप्प बस बघू," आई चष्मा लावत म्हणाली.

फोटोत नुसते राखाडी ठसे होते, पण प्रत्येकाच्या बारीक रेषा लख्ख उमटल्या होत्या. रंग बघण्याच्या नादात त्या धाकटीलाही दिसल्या नव्हत्या. एका ठशावर आडवी पांढरी चीर होती. आईने आपला अंगठा त्याच्याजवळ नेला. तरुणपणी बादलीच्या पत्र्याने कापल्याची तीच खूण.

"ही मी."

"आणि हा शेजारचा, रुंद?"

"तुझे बाबा. एवढी भिंत मोकळी, पण यांना माझ्याच शेजारी जागा हवी. बायका हसायच्या. मला मेलीला लाज वाटायची."

धाकटीने फोटोभर शोधलं. जिथे चिरेचा अंगठा, तिथे त्याला खेटून रुंद अंगठा. तिला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायचंही राहून गेलं.

"रंग कुठले होते गं हे?"

"रंगांचं राहू दे," आई म्हणाली. "हा मोठा करून आण. यांचा अंगठा खऱ्याएवढा झाला पाहिजे."