दोन जावांचे पूर

मंद्रूपच्या वाटेवर सीना नदीला पूल बांधायचं १९३१ साली ठरलं. मोठा पूर किती वर्षांनी येतो आणि किती चढतो, हे शोधायचं काम ओव्हरसियर रामहरी देशमान्यांकडे आलं. सोलापूरच्या कचेरीत बसून त्यांनी नदीतल्या मोजखांबाच्या नोंदी चाळल्या. त्यांत सीना अगदी गरीब गाय दिसत होती. मधूनमधून मात्र आकड्याच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

त्याचा अर्थ विचारायला ते नदीकाठच्या गावी गेले. खांबावरचं पाणी वाचणारा रेवणसिद्ध शांतपणे म्हणाला, "पानी लई चढलं की मी टेकडीवर चढतो. तवा कोन वाचनार?"

म्हणजे रेघ तिथे पूर, असं समजून रामहरी खूश झाले. पण बाजाराला किंवा सासुरवाडीला गेलं तरी आपण रेघच ओढतो, हेही रेवणसिद्धानं सांगून टाकलं. आता खरे पूर गावाच्या आठवणीतूनच निवडायचे होते.

गावात गोजरबाई आणि मायाक्का या जावा होत्या. दोघींचे थोरले मुलगे दोन वेगवेगळ्या पुरांत जन्मलेले. मुलांच्या वयांवरून सालं जुळली, पिढीत दोनदा मोठा पूर हे निघालं. अडलं ते उंचीवर. गोजरबाईच्या पुराचं पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागलं होतं. मायाक्कानं आपलं उंबऱ्यावर नेलं. मग गोजरबाईला आठवलं, घंटा बुडाली होती. चहा होईपर्यंत मायाक्काचा पूर कळसावर पोचला. एवढं पाणी आलं असतं तर ते सांगायला गावात कोणी उरलं नसतं, पण तसं बोलायचं धाडस रामहरींना झालं नाही.

त्यांनी दोघींना वेगवेगळं गाठून एकीला दुसरीचा पूर विचारला.

"तिचा कसला पूर? म्हशी डुंबत हुत्या की त्यात," मायाक्का म्हणाली. गोजरबाईनंही जावेचा पूर घोट्यापर्यंत खाली आणला.

रामहरींनी फुगवलेल्या आणि उतरवलेल्या पाण्याच्या मधली उंची धरली आणि पूल त्याहून पुरुषभर वर ठेवायला सुचवलं. आकडा कशावरून काढला, असं कचेरीतल्या वरच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा स्थानिक चौकशीवरून, एवढंच सांगितलं.

पूल झाल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात सीना फुगली. रामहरी धास्तावून आले. पाणी कमानींत घुसलं होतं, पण पुलावर चढलं नाही. काठावर जावा उभ्या होत्या. हा पूर कसा वाटतो, असं त्यांनी भीत भीत विचारलं.

"ह्याला काय पूर म्हनायचं व्हय," गोजरबाई म्हणाली. मायाक्कानं मान डोलावली.

दोघींचं असं एकमत गावानं प्रथमच पाहिलं. रामहरींनी जेवायचं कुणाकडे, यावर ते लगेच मोडलं, आणि त्यांना दोन्ही घरी पोटभर भाकरी खावी लागली.