दाखवू नये अशांची यादी

अंबादास खरातांनी बोरीवलीच्या एका बिल्डरवर दावा लावल्याचं घरी सांगितलं, तेव्हा त्यांची मुलगी प्रियंका पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला नाही. थांबायला हवा होता.

दाव्याचं कारण साधं होतं. बिल्डरच्या नव्या टॉवरची जाहिरात चारकोपमध्ये ज्याच्या त्याच्या फोनवर सारखी यायची. बुद्धविहारात येणाऱ्या एकाच्याही नाही. पालिकेतून निवृत्त झालेले अंबादास भारी हट्टी. रविवारी वंदना झाल्यावर त्यांनी चाळीस जणांचे फोन सतरंजीवर मांडून घेतले आणि एकेक तपासून वहीत टिपलं. त्यातल्या चार-पाच जणांचीच तिथं घर घ्यायची ऐपत असेल, पण नको म्हणायचा हक्क तरी आमच्याकडे राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. वकील अस्मिताबाईंना ते पटलं.

प्रियंका पवईला एका जाहिरात कंपनीत होती. एप्रिलात जयंतीच्या शुभेच्छा आपल्या लोकांपर्यंत पोचाव्यात म्हणून तिनं विहारांच्या, भीमगीतांच्या, वधूवर मंडळांच्या ऑनलाइन पानांची यादी केली होती, अगदी हौसेनं. पहिलं नाव पप्पा चालवायचे त्या विहाराच्या पानाचं. जूनमध्ये ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, तीच यादी बोरीवलीच्या त्या टॉवरच्या जाहिरातीला लाव, 'यांना दाखवू नये' या रकान्यात; म्हणजे ही पानं बघणाऱ्या कुणालाच ती दिसणार नाही. नोकरी पक्की व्हायला पंधरा दिवस उरले होते. पोरीनं अक्कल गहाण टाकली आणि यादी लावली.

बिल्डरचं उत्तर कोर्टात आलं. भेदभाव कसला? सोबत जोडलेली यादी तर वादींच्याच समाजातल्या मुलीनं केली, प्रियंका अंबादास खरात. अस्मिताबाईंनी कागद अंबादासांपुढे सरकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, मग मुलीला वकिलांच्या ऑफिसातच बोलावून घेतलं.

"पहिलं नाव आपल्या विहाराचं. तूच टाकलंस?"

"शुभेच्छांसाठी केली होती, पप्पा."

"आणि टॉवरला?"

"तिथंही मीच लावली."

साहेबांनी काय सांगितलं ते प्रियंकानं शपथेवर सांगितलं तर दावा टिकेल, असं अस्मिताबाईंचं मत पडलं; नोकरी मात्र जाईल. प्रियंका लगेच तयार झाली. आता तरी पप्पा जवळ घेतील, असं तिला वाटलं.

त्यांनी कागदांची घडी घातली. "साक्ष दे. ती द्यायलाच पाहिजे. पण विहारात येऊ नकोस. त्या लोकांनी माझ्या भरवशावर फोन उघडून दिले होते गं. तुझ्या शेजारी बसून मी त्यांच्याकडे कसं बघू?"

रविवारी त्यांनी पांढरा सदरा घातला, मेणबत्त्या घेतल्या आणि स्कूटरवर एकटेच गेले. लहानपणापासून ती दर रविवारी त्यांच्या मागे बसून जायची. आज तिनं दार लावलं, घरातल्याच मूर्तीपुढे हात जोडले. बुद्धं सरणं म्हणून झालं, धम्मं सरणं म्हणून झालं. संघं सरणं म्हणायला तिला आवाजच फुटेना.