शर्टावरचं नाव

"वॉचमनचं नाव माझ्या नातवाला? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!" असं म्हणून सासूबाईंनी दुपटं असं काही झटकलं की मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. पोर सतरा दिवसांचं. एकविसाव्या दिवसापर्यंत नोंदणीच्या ऑफिसात नाव द्यायचं होतं, आणि घरात दोन खोल्या, चार मोठी माणसं आणि मतं पाच.

पोराची आई पलंगावर बसून दातओठ खात होती. तिला कारखान्यात सगळे नाववाली म्हणायचे. गणवेश शिवायचा कारखाना तो, आणि खिशावर माणसांची नावं भरायचं मशीन सात वर्षं तिच्याच हाताखाली. डॉक्टरांचे कोट, स्वयंपाक्यांचे डगले, ड्रायव्हरांचे शर्ट, सगळ्यांची नावं तिच्या सुईखालून गेलेली. कुठलं नाव साहेबाचं आणि कुठलं हमालाचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शिकवायला नणंद समर्थ होती.

नणंद बँकेत कामाला. भावाला मुलगा झाल्याचं कळल्यावर ती आठवड्याची रजा टाकून आली होती, आणि येताना मोबाईलमध्ये दोनशे नावांची यादी घेऊन आली होती. "हे बघ. छोटं आहे, सुटसुटीत आहे, कुठल्याही देशात जिभेवर बसतं."

"ते माझ्या एका गिऱ्हाईकाच्या कुत्र्याचं आहे," नवरा म्हणाला. तो फ्रीज दुरुस्त करायचा, त्यामुळे मोठ्या घरांतली कुत्री त्याला नावानिशी ठाऊक. "चावलाय मला तो."

दुसरं नाव सासूबाईंच्या चुलत दिराचं निघालं, तो दारू पिऊन गेलेला. तिसऱ्या नावाच्या मुलाने शाळेत नणंदेची वेणी बाकाला बांधली होती. चौथं फार जुनं, पाचवं फार नवं. जगातल्या प्रत्येक नावाला कुठल्या ना कुठल्या नालायकाने आधीच हात लावून ठेवला होता. सहावं मात्र नणंदेला फारच भावलं. म्हणाली, उच्चारलं की बंगलाच उभा राहतो डोळ्यांपुढे.

"ताई, तुमचा तो बंगला मागच्या महिन्यात मी एका भांडीवाल्याच्या खिशावर भरलाय," नाववाली म्हणाली.

"तू प्रत्येक गोष्टीत मोडता घाल."

"मोडता कसला? पहिल्या दिवसापासून सांगतेय, मी बाबांचं नाव ठेवणार. तुम्हीच ऐकत नाही."

आणि मग सासूबाईंचं ते वाक्य.

आता बाबा वॉचमन होते हे खरंच होतं. एका आठ मजली इमारतीच्या दारात त्यांनी चोवीस वर्षं काढली. पण त्यांच्या नावाची गोष्ट निराळी. कामाला लागले त्या दिवशी कमिटीने त्यांच्या हातात आधीच्या वॉचमनचा शर्ट ठेवला. तो माणूस काम सोडून गेला होता, शर्ट धडका होता, टाकायचा कशाला? खिशावर त्या माणसाचं नाव भरलेलं. कुणीतरी ते वाचून हाक मारली, बाबांनी ओ दिली, आणि खेळ खलास. दोन वर्षांनी नवे शर्ट शिवले, तेव्हा नमुना म्हणून जुनाच शर्ट पाठवला, नाव पुन्हा तेच. चोवीस वर्षं तिचा बाप एका परक्या माणसाच्या नावाने जगला. आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरातही बाबांना नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. ती म्हणायची बाबा, बाकीचं जग म्हणायचं ते शर्टाचं नाव.

ते नाव काय होतं हे सांगण्यात अर्थ नाही. कुठल्याही इमारतीच्या दारात दहा मिनिटं उभं राहा, ऐकू येईल. आणि खरं नाव असं रस्त्यावर उधळायचं नसतं. ज्याचं आहे त्याला मिळालं म्हणजे झालं.

बाबा गेल्या वर्षी गेले, तेव्हा इमारतीच्या फळ्यावर नोटीस लागली. 'आपले प्रामाणिक वॉचमन' आणि पुढे त्या परक्या माणसाचं नाव. ती वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरीला गाठून तिने सांगितलं, हे त्यांचं नाव नव्हे. तो म्हणाला, "असं होय? पण बदललं तर लोकांना कळायचं नाही ना, गेलं कोण ते." वर चेहरा असा, की जणू फार शहाणपणाचं बोलला.

भरलेलं नाव उसवून त्या जागी दुसरं भरायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? एकदा तिने शर्ट मागितलाही होता. "असू दे गं," बाबा म्हणाले, "लोकांना सवय झालीय." आणि तिने असू दिलं. जगावर चिडून झालं की तिचा सगळा राग फिरून इथे यायचा.

म्हणून हे नाव. निदान एका माणसाला तरी त्या नावाने लोकांनी हाक मारावी, शाळेत हजेरी घ्यावी, भांडताना शिवी द्यावी, काय हवं ते करावं. पण नाव तोंडातून निघावं. एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती घर डोक्यावर घ्यायला तयार होती.

"आदर आहेच गं तुझ्या बाबांबद्दल," नणंद समजुतीच्या सुरात म्हणाली. या सुराची नाववालीला जास्त चीड. "पण नावाला एक वजन असतं. ते नाव ऐकलं की शिट्टी आणि काठीच दिसते."

"दिसू दे की! त्याच शिट्टीवर माझं शिक्षण झालं."

"शाळेत पोरं चिडवतील त्याला," सासूबाई म्हणाल्या. "मोठा होऊन साहेब झाला तरी त्या नावाने हाक मारली की बिचारा गेट उघडायला उठेल."

"उठू दे! बसल्या जागी लोकांना नावं ठेवण्यापेक्षा गेट उघडलेलं बरं!"

असे दोन दिवस गेले. सासूबाई बोलायच्या ते भांड्यांशी, आणि भांडी बिचारी मुकाट आपटून घ्यायची. नणंदेने यादीत आणखी चाळीस नावं घातली. नाववालीने नवऱ्याशी बोलणं टाकलं. नवरा तसा वाईट नव्हता. पण दोन्हीकडे मान डोलावणारा. दुसऱ्याच्या घरात जाऊन बंद पडलेलं मशीन तासाभरात सुरू करायचा आणि स्वतःच्या घरात काही बिघडलं की नेमका पाना हरवायचा.

एकोणिसाव्या दिवशी तिने सरळ सांगितलं, "उद्या मी पोर घेऊन एकटी जाते. कुणी आडवं आलं तर माझ्याइतकी वाईट कुणी नाही."

तो उठला, आतल्या खोलीत गेला, आणि त्याचा आवाज बाहेर ऐकू आला. "आई, पोर तिने जन्माला घातलंय. तिच्या बाबांचंच नाव लागेल. आता या विषयावर चकार शब्द नको." आतली भांडी एकदम गप्प झाली. बाहेर येऊन तो म्हणाला, "तू येऊ नकोस, टाके ओले आहेत अजून. मी उद्या नोंदवून येतो."

लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि हा माणूस पहिल्यांदाच तिच्या बाजूने उभा राहिला होता. तिला रडूच आलं. पोराला पाजता पाजता ती त्याच्या कानाशी लागून बाबांच्या गोष्टी सांगत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घाम पुसत आला आणि दाखला तिच्या हातात ठेवून, शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. दाखल्यावर शर्टाचं नाव होतं.

"हे काय आहे?"

"नाव. बाबांचं."

"कुणाच्या बाबांचं?"

"तुझ्या! असं काय करतेस? तेच तर हवं होतं ना तुला?"

मग जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान न लावताही ऐकलं. "हे माझ्या बापाचं नाव नाही! हे त्याच्या आधीच्या वॉचमनचं नाव आहे! कुठे गेला, मेला की जिवंत आहे, कुणाला ठाऊक नाही, त्याचं नाव माझ्या पोराला लावून आलास तू! कपाटात आपल्या लग्नाचा कागद आहे, त्याच्यावर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, त्याच्या शेजारी सही केलीयस तू! डोळे काय फ्रीजमध्ये ठेवले होतेस?"

"सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, केली," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी कुठे वाचला तो कागद? पण सगळे त्यांना तेच म्हणायचे की! आई, ताई, मी पण. त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते ओ द्यायचे. आणि तूही कधी..." इथे तो थांबला.

पण ते 'तूही कधी' खरं होतं. लग्नाच्या दिवशी बाबांना सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी ड्युटी संपवून ते तसेच, त्याच शर्टात, जेवायला आले. सासूबाईंनी खिसा वाचला आणि त्या नावाने त्यांना "या, बसा" म्हटलं. बाबा बसले. ती चार हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती. आज नको, उद्या सांगू, असं तिने ठरवलं. पाहुण्यांसमोर उगाच शोभा नको. तो उद्या चार वर्षं उगवला नाही. आणि या चार दिवसांच्या भांडणात ते नाव कुणी एकदाही तोंडावाटे काढलं नव्हतं. सासूबाईंना ते उच्चारायची लाज वाटत होती, आणि तिला तिच्या बापाचं नाव भांडणात वापरायचं नव्हतं. दोन निरनिराळ्या नावांवरून दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या होत्या.

एकविसाव्या दिवशी ती स्वतः निघाली. टाके ओले असताना पोर उचलून जिने उतरायचे नाहीत म्हणून सासूबाई पोराला घेऊन बरोबर आल्या. भांडण वेगळं, टाके वेगळे. खालपर्यंत त्या पुटपुटत होत्या, "नाव एक झालं काय नि दुसरं झालं काय, शेवटी वॉचमनचंच ना." त्यांना अजूनही खरं नाव ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. नवरा मागून मान खाली घालून चालत होता.

ऑफिसात खिडकीपासून दारापर्यंत रांग. पाऊण तासाने नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "काल दिलेलं नाव आज बदलायचं? पोरखेळ आहे का हा? काय चुकलंय यात?"

"लिहिलंय बरोबर," नाववाली म्हणाली. "माणूस चुकलाय."

"असं फॉर्मवर लिहिता येत नाही. कारण सांगा."

"चूक माझी आहे, मॅडम," नवरा मागून म्हणाला.

"तू गप्प बस. एकट्याची नाही." आणि तिने खिडकीत वाकून बाबांचं नाव सांगितलं. हजारो लोकांची नावं भरलेली बाई ती, पण हे एक नाव तिने या घरातल्या कुणासमोर आजवर कधी उच्चारलं नव्हतं. आवाज मध्येच फुटला, म्हणून तिने ते पुन्हा, दारापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

"वा, छान आहे," खिडकीतल्या बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

सासूबाईंनी पोर छातीशी धरलं होतं. त्या पुढे झाल्या. चेहरा एकदम खुलला होता. "अगं, हे नाव? हे तर एखाद्या न्यायाधीशाला शोभेल असं आहे! आधी का नाही सांगितलंस? मी कशाला भांडले असते?"

नाववालीने मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. चार दिवसांचा सगळा राग एकदम वर आला, आणि त्यात स्वतःवरचाही राग होता.

"हे वॉचमनचंच नाव आहे, आई. चोवीस वर्षं गेटवर उभ्या राहिलेल्या वॉचमनचं. तुमच्या पंक्तीला बसून जेवले ते. तुम्ही त्यांच्या मयताला आलात. एकदा विचारलं असतंत, तुमचं नाव काय म्हणून. आणि मी तरी कुठे सांगितलं?" तिने पोराकडे बोट केलं. "आता हाक मारा त्याला. इथेच."

"इथे? अगं, लोक बघतायत..."

"म्हणूनच. मारा."

सासूबाईंनी रांगेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. मग त्यांनी पोराच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं आणि खाली वाकून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात ते नाव घेतलं.

"मोठ्याने," नाववाली म्हणाली.