आईचं झाकून ठेवलंय

सुट्टीवर गेलं की माणसाला आराम मिळतो असं ज्याने कुणी म्हटलंय, त्याला मुलं नसणार. असली तर तो ती कुणाच्या तरी गळ्यात मारून गेला असणार.

समुद्राकाठच्या त्या रिसॉर्टवर आलेल्या चौघांचंच बघा. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. सुट्टीतसुद्धा कुठल्या लिफ्टचं दार जरा घासत बंद झालं की त्यांचा चेहरा पडायचा. थोरली लेक अकरा वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीत मुद्दा दिसायचा, म्हणून घरात तिला वकीलीणबाई म्हणत. धाकटी पाच वर्षांची मिरची. हे नाव का पडलं ते तिच्या शेजारी जरा वेळ बसलं की आपोआप कळायचं. आणि आई. आई पार्लर चालवायची, पण तिला आपण आईच म्हणू, कारण घरात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. नवरासुद्धा कपाटात डोकं घालून विचारायचा, "आई, माझे मोजे कुठायत?"

आता या आईची एक गंमत होती. ती गेल्या कित्येक वर्षांत गरम जेवण जेवलीच नव्हती. पार्लरमध्ये एखादीच्या डोक्याला रंग लावून ठेवायचा आणि तो मुरेपर्यंत पडद्यामागे उभ्या उभ्या डबा संपवायचा. घरी तर विचारूच नका. सगळ्यांना वाढून ती बसायला जाणार तोच कुणाला पाणी हवं असायचं, कुणाला मीठ, आणि मिरचीला हटकून तेव्हाच बाथरूमला जायचं असायचं. ती परत येईपर्यंत तिच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं असायचं. "आईचं झाकून ठेवलंय," असं बाबा मोठ्या प्रेमाने सांगायचे. त्या माणसाचा जीव होता तिच्यावर, नाही असं नाही. फक्त त्याचं प्रेम झाकण ठेवण्यापाशी थांबायचं. आणि कधी कुणाला वाईट वाटलंच तर आई स्वतःच म्हणायची, "असू दे रे, मला गारच आवडतं." इतक्या वर्षांत हे इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की आता ते घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

सुट्टीची शेवटची संध्याकाळ आली, दुसऱ्या दिवशी सकाळची बोट होती, आणि जेवायचं कुठे यावर खोलीत परिषद भरली.

रिसॉर्टवर जेवायच्या तीन जागा होत्या. एक पोहण्याच्या तलावाकाठचं बुफे, जिथे रोज आईने जेवण कमी आणि चालणं जास्त केलं होतं. दुसरा पिझ्झाचा काउंटर, त्याच्या शेजारी घसरगुंडी. आणि तिसरी वरच्या मजल्यावरची, काचेच्या भिंतींची जागा, जिच्या दारावर सोनेरी अक्षरांत 'फाइन डाइनिंग' लिहिलं होतं.

"फाइन म्हणजे दंड," बाबा म्हणाले. "नावातच सांगून टाकलंय त्यांनी. आपण बुफेला जाऊ, ओळखीचं आहे."

"घसरगुंडी," मिरची म्हणाली. तिचं भाषण तेवढंच होतं.

"मला वर जायचंय," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कुठे जायचं हे आईला विचारायची पद्धत होती, पण तिने उत्तर द्यायची नव्हती.

"तिथे मुलांना घेतात का पण?" बाबांनी पळवाट शोधली.

"दारावर लिहिलंय, लहान मुलांचं स्वागत आहे."

"त्याच्याच खाली लिहिलंय की कुत्र्यांचंही स्वागत आहे. वाचलंय मी."

"मग तुमचीही सोय आहे," आई म्हणाली. तो टोमणा बाबांना आवडलाही होता, पण तसं दाखवायची सोय नव्हती.

वकीलीणबाई मात्र पुढे सरसावल्या. "आई, पण वरच का? कारण दे."

आई पलंगावर बसली. त्या वरच्या दारावर लावलेलं मेन्यूकार्ड तिने येता-जाता इतकं वाचलं होतं की एखाद्या पुढाऱ्याने भाषण केलं नसेल इतक्या ओघात ती बोलली. तिथे वाढायला माणूस असतो. उठायचं नसतं. भट्टीतून निघालेलं मातीचं भांडं तसंच्या तसं आपल्यासमोर आणून ठेवतात, आत बटाटे आणि मशरूम, आणि वरचं चीज अजून बुडबुडत असतं. "मला एकदा, एकदाच, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत गरम जेवायचंय. झालं? बास एवढंच."

"पण तुला तर गारच आवडतं," वकीलीणबाई म्हणाल्या.

"ते आपलं म्हणायचं असतं गं."

वकीलीणबाईंनी भुवया वर चढवल्या. "म्हणजे उद्या लवकर उठायचंय, तसं?"

इथे हे सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या घराची एक गुप्त खूण होती. कुणाकडे गेलं आणि यजमानांचं बोलणं संपता संपेना झालं, की बाबा किंवा आई सहज म्हणाल्यासारखं म्हणायचे, "उद्या लवकर उठायचंय." ते कानावर पडताच मुलींनी एक अक्षर न विचारता उठायचं, चपला घालायच्या, "खूप छान झालं, या एकदा आमच्याकडे," म्हणायचं आणि दाराकडे चालू लागायचं. हे आईनेच शिकवलं होतं. दात घासा म्हणून शंभरदा ओरडावं लागायचं, पण हे एवढं एक काम दोघी एका हाकेत करायच्या. दुसऱ्या दिवशी लवकर मात्र कधीच कुणी उठलं नव्हतं.

"हो," आई म्हणाली. "तसंच."

मुद्दा मिळाल्यावर गप्प बसायची वकीलीणबाईंची ही पहिलीच वेळ असावी.

मग ठरलं. आई स्वतः खाली जाऊन टेबल राखून आली. रिसेप्शनवरच्या बाईने मुलांची वयं विचारली आणि मग हसून म्हणाली, "काही खास मागणी?"

"जेवण गरम हवं."

"आमच्याकडे सगळं गरमच असतं, मॅडम."

"तुमच्याकडे असतं हो," आई म्हणाली. "प्रश्न माझ्यापर्यंत येण्याचा आहे."

खोलीत परतल्यावर तालीम झाली. मांडीवर टॉवेल, बाथरूममधले दोन ग्लास, बुटक्या टेबलाभोवती चौघं. वकीलीणबाई वेटर झाल्या. मिरचीला ताकीद मिळाली: सूप पिताना आवाज नाही, टेबलाखाली जायचं नाही, चमचा पडला तर पडू द्यायचा, ज्याचं काम तो उचलेल, आणि बाथरूमला आत्ताच जाऊन यायचं. मिरची गेली. पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता काहीच नाहीये," आणि सगळे वर निघाले.

आणि काय सांगावं, मुली अशा वागल्या की बाबांना वाटलं आपण दुसऱ्याच कुणाच्या मुली घेऊन आलो. काचेबाहेर समुद्रावर सूर्य टेकला होता, टेबलावर पांढरं कापड, त्याची कड इस्त्रीने सरळ केलेली. सूप आलं. आईने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. गरम होतं. दुसरा घेतला तोवर मिरचीचा चमचा खाली पडला. आईचे गुडघे आपोआप उठायला निघाले. पण मिरची म्हणाली, "पडू दे," आणि पडलेल्या चमच्यावर पाय ठेवून पोलिसासारखी राखण करत बसली. ज्याचं काम होतं तो वेटर आला, त्याने नवा चमचा दिला, आणि सूप शेवटपर्यंत गरम राहिलं.

"जमतंय की," बाबा हळूच म्हणाले.

"दृष्ट लावू नका," आई म्हणाली.

पण दृष्ट लागायची तर ती आपल्याच माणसाची लागते म्हणतात, आणि इथे तर आईची तिची तिलाच लागली. झालं असं की ती सैलावली. खुर्चीला पाठ टेकून बसली. वेटरने चार मातीची भांडी आणली. प्रत्येकातून वाफ निघत होती आणि वरचं चीज कार्डात लिहिल्याबरहुकूम बुडबुडत होतं. चांगला गप्पिष्ट माणूस होता तो. भांडी ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मग, उद्याचा काय बेत?"

आणि आई, बऱ्याच वर्षांनी कुणी तिला निवांत काही विचारलं म्हणून खूश होऊन, म्हणाली, "काही नाही हो, सकाळची बोट आहे. उद्या लवकर उठायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य खरं होतं. पण मिरचीला काय त्याचं. खुर्ची मागे सरकली, मांडीवरचा रुमाल टेबलावर पडला, मिरची उभी राहिली, वेटरकडे मान वर करून म्हणाली, "खूप छान झालं, या एकदा आमच्याकडे," आणि दाराकडे चालू लागली.

"येईन हं," वेटर म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार.

सवयीने बाबाही अर्धे उठले होते. आता ते पूर्ण उठले, कारण दाराबाहेर लिफ्ट होती आणि लिफ्टवाल्याच्या लेकीला एकटीला लिफ्टमध्ये सोडलं तर ती सगळी बटणं दाबणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. ते धावले. आईने हात कपाळावर मारला. समोरच्या भांड्याकडे एकदा पाहिलं, त्याच्यावरची वाफ पाहिली, आणि पुढचे सगळे प्रकार तिच्या डोळ्यांपुढून गेले: लिफ्ट, रडारड, बाथरूम, समजूत, आणि परत येईपर्यंत घट्ट झालेलं चीज. कुणाला बोल लावायचा? शिकवलंही तिनेच होतं आणि बोललीही तीच होती. तिला खरंच रडू आलं. तरी तिने रुमाल बाजूला ठेवला आणि उठायला लागली.

"तू बस," वकीलीणबाई म्हणाल्या.

त्या उभ्या होत्या. टेबलाखाली काढलेल्या चपलाही घातलेल्या होत्या. त्यांनी आईच्या भांड्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"अगं, पण मिरची..."

"आम्हाला उद्या लवकर उठायचंय," वकीलीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुला कुठे उठायचंय? तू बस." आणि त्या मान ताठ ठेवून चालत्या झाल्या.

आई बसली. वेटरने तीन रिकाम्या खुर्च्यांसमोरची तीन भांडी पाहिली आणि घसा खाकरून विचारलं, "यांचं काय करू, मॅडम?"

आईने तिन्ही भांड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यांचं झाकून ठेवा."

हे ती बोलली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. मग तिने चमचा घेतला, चीज फोडलं आणि मोठ्ठा घास तोंडात घातला. सवय मोडलेली. गरम जेवताना आधी फुंकर घालायची असते हे ती साफ विसरून गेली होती. जिभेला असा चटका बसला की डोळ्यांतून पाणी आलं. वेटर धावत पाणी घेऊन आला. "चीज गरम आहे फार," आई म्हणाली. "त्याने पाणी आलं." हेही थोडं 'उद्या लवकर उठायचंय' याच जातीतलं होतं, पण वेटरला खूण ठाऊक नव्हती. त्याने पाणी ठेवलं आणि तो शहाण्यासारखा दूर गेला. आईने दुसरा घास फुंकून घेतला. सगळं भांडं संपवलं, कडेचं करपलेलं चीजसुद्धा खरवडून खाल्लं, आणि मध्ये एकदाही उठली नाही.

खाली आली तेव्हा तिघं बागेतल्या पायऱ्यांवर बसली होती. बाबा लगेच उभे राहिले. "मी दोनदा वर येत होतो," ते म्हणाले. "वकीलीणबाईंनी स्टे आणला."

आईने वेटरने बांधून दिलेले डबे त्यांच्या हातात दिले. तिघांनी उघडले. चीज घट्ट झालं होतं, बटाट्यांवर तेल साचलं होतं. मिरचीला काहीच फरक पडला नाही. बाबांनी एक घास खाल्ला, चावला, आणखी थोडा वेळ चावला.

"गार झालंय," ते म्हणाले.

"असू द्या," आई म्हणाली. "गारच छान लागतं."

बाबांचं चावणं थांबलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लिफ्ट कुठे अडकलीय हे त्यांना आवाजावरून कळायचं, हे मात्र आत्ता कळत होतं.

"खरं सांग," वकीलीणबाईंनी उलटतपासणी सुरू केली. "तुला कधी तरी गार आवडलं होतं?"

"नाही," आई म्हणाली.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

वकीलीणबाईंनी मान हलवली आणि जेवायला लागल्या. बाबा डब्याचं झाकण हातात धरून नुसतेच बसले होते.

"आणि आजचं?" मिरचीने भरल्या तोंडाने विचारलं. "गरम होतं?"

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने जीभ बाहेर काढली. बागेतल्या दिव्याच्या उजेडात तिघांनी वाकून पाहिलं. टोकाला चांगला लाल चटका उठला होता.

"भाजली," आई म्हणाली, आणि असं म्हणाली, की कुणाला वाटावं बक्षीसच मिळालंय.

मिरचीने डबा खाली ठेवला, दोन्ही हातांनी आईचे गाल धरले आणि जिभेवर हळूच फुंकर घातली.